सत्तेचाळीस नंबरची बरणी

मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते न्हाव्याच्या दुकानात. तोपर्यंत ते आमच्या रस्त्यावरून सकाळी सायकलने जाणारे आणि संध्याकाळी परतणारे एक गृहस्थ होते, आणि त्यांच्या अंगाला कसल्याशा औषधाचा झणझणीत वास येतो एवढंच मला ठाऊक होतं. त्या दिवशी ते गळ्यापर्यंत पांढरं कापड लपेटून खुर्चीत बसले होते. न्हाव्याने वस्तरा जबड्याजवळ नेला, तसा त्यांनी कापडाखालून हात काढून त्याचं मनगट धरलं.

"थांब. बोट दे तुझं."

"कशाला?"

"अरे, दे तर खरं."

त्यांनी न्हाव्याचं बोट स्वतःच्या जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेवर टेकवलं, कोपऱ्यापासून दोनेक बोटं पुढे. न्हावी क्षणभर तसाच उभा राहिला, मग चटका बसल्यासारखं त्याने बोट काढून घेतलं.

"उडतंय की हो काहीतरी आत!"

"धमनी आहे ती. गळ्यातून वर येते, लाळेच्या ग्रंथीच्या पाठीमागून वळसा घेते आणि इथे हाडावरून चेहऱ्यावर चढते. वीस वर्षं तू तिच्यावरून वस्तरा फिरवतोयस."

"मग वीस वर्षं गप्प बसलात तसं आजही बसायचं होतं," न्हावी म्हणाला. "आता माझा हात थरथरणार. तुमचं काही बरंवाईट झालं तर मामी मला कच्चा खातील."

बाकावर आम्ही तिघं नंबर लावून बसलो होतो. तिघांचीही बोटं आपापल्या जबड्यावर गेली. माझी धमनी सापडायला थोडा वेळ लागला, पण सापडली. छत्तीस वर्षं मी मुलांना भाषा शिकवली, पण इतक्या कमी शब्दांत कुणाला काही शिकवल्याचं मला आठवत नाही. कापडाबाहेर आलेल्या त्यांच्या हाताच्या नखांच्या कडा लाल होत्या. मी विचारलं तेव्हा ते हसून म्हणाले, "रक्त नाही हो मास्तर. रंग आहे."

वैद्यकीय महाविद्यालयात ज्या हॉलमध्ये विद्यार्थी मृतदेहांवर शरीररचना शिकतात, तिथे ते मदतनीस होते. देह आला की त्याच्या धमन्यांत लाल रंग भरायचा आणि शिरांत निळा, म्हणजे पुढे मुलांना कोणती नळी कुठून कुठे जाते ते ओळखता येतं. मग एखादा भाग फार सुबक निघाला तर तो चिमट्याने साफ करून, काचेच्या बरणीत औषधी पाण्यात कायमचा ठेवायचा. हॉलच्या भिंतीलगतच्या कपाटांत अशा दोनशेवर बरण्या होत्या आणि त्यांतल्या दीडशे तरी त्यांच्या हातच्या. विद्यार्थी त्यांना मामा म्हणायचे, म्हणून सगळा रस्ता मामा म्हणायचा, आणि त्यांच्या बायकोला ओघानेच मामी. कामाला हात घालण्याआधी ते त्या देहाशी दोन शब्द बोलत. "आजी, जरा मान वळवतो हं," असं. मला हे त्यांनी सांगितलं नाही, मामींनी सांगितलं. वर हेही सांगितलं की घरात त्या माणसाला त्यांनी भाजीच्या सुरीला कधी हात लावू दिला नाही. "तिथे काय करायचं ते करा. माझ्या स्वयंपाकघरात नको तुमची कलाकुसर."

निवृत्त झाल्यावर पाचेक वर्षं बरी गेली. मग एका दुपारी जेवताना त्यांच्या उजव्या जबड्याखाली अक्रोडाएवढी गाठ उठली. तासाभराने ती बसली. संध्याकाळी पहिल्याच घासाला पुन्हा उठली. हळूहळू असं झालं, की घास तोंडाजवळ नेला तरी ते आधी डोळे मिटून घेत. मामींनी एकदा समोर लिंबू चिरलं तर ते पानावरून उठून गेले.

"चाळीस वर्षं माझ्या हातचं गुपचूप जेवला हा माणूस," मामी मला दारात म्हणाल्या, "आणि आता तोंड सुजायला लागलंय!" त्या हसल्या, पण डोळे माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते.

मामांना निदान डॉक्टरांआधी कळलं होतं. जबड्याखालच्या ग्रंथीत लाळ तयार होते आणि एका बारीक नळीतून जिभेखाली येते. तिथे खडा अडकला की लाळेला वाट उरत नाही, आणि जेवण समोर आलं की ग्रंथी फुगते. पुढे ताप आला, पू झाला, औषधांनी तो उतरला, पुन्हा झाला. तपासणीत दिसलं की खडा नळीत नाही, पार ग्रंथीच्या पोटात आहे. ग्रंथीच काढावी लागणार होती. शस्त्रक्रिया करणार होत्या त्या डॉक्टरीणबाई अठरा वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये, मामांच्याच टेबलाशी शिकलेल्या. सगळे म्हणाले, नशीबवान आहात, घरचंच माणूस आहे. मामांनी ते ऐकलं आणि त्या दिवसापासून दाढी करणं बंद केलं.

ही दाढीची गोष्ट मला न्हाव्याने सांगितली. "मास्तर, तीन आठवडे आले नाहीत. दुसरीकडे जात असतील तर तसं सांगा, मी काही रडणार नाही."

मी गेलो. मामा मागच्या खोलीत खाटेवर बसले होते. दाढी पांढरी आणि विरळ. उजव्या हाताचं बोट जबड्याच्या कडेवर. मला पाहून त्यांनी बोट काढलं, आणि दोन मिनिटांत ते आपोआप पुन्हा तिथे गेलं.

"दार लोटा," ते म्हणाले. मी लोटलं.

"मास्तर, मला भीती वाटते."

"वाटणारच. ऑपरेशन म्हटलं की..."

"तसली नाही. म्हणजे तसलीही आहे." त्यांनी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलने काढायला सुरुवात केली. रेघ एका दमात सरळ उमटली. "ही ग्रंथी. हा जबडा. ग्रंथीला रक्त देते ती हीच, तुम्ही त्या दिवशी बोटाने पाहिलीत ती. ही मागच्या बाजूने येते. ग्रंथीच्या पाठीत खाच असते, त्या खाचेत बसून वर जाते. समोरून बघणाऱ्याला ती दिसतच नाही. समोर दिसते ती निळी, शीर. ग्रंथी काढायची तर लालवर आधी ताबा हवा. दोन ठिकाणी बांधायची, मध्ये कापायची. खालच्या टोकावरची गाठ सुटली किंवा न बांधताच ती कापली गेली, तर टोक मागे जातं. गोगलगाय शिंगं ओढून घेते ना, तसं. स्नायूच्या आड. मग जखम भरते रक्ताने, आणि कुठून येतंय तेच दिसत नाही."

"पण हे डॉक्टरीणबाईंना माहीत असेलच की."

मामांनी पेन्सिल खाटेवर ठेवली.

"तिने हे कुठे शिकलं, ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "माझ्या बरणीवरून."

मग त्यांनी सांगितलं. एकतीस वर्षांपूर्वी महाविद्यालयाची तपासणी व्हायची होती. त्यांचे थोरले प्राध्यापक दर दोन दिवसांनी येऊन म्हणायचे, नमुने असे हवेत की माणूस दारातून आत आला की थबकला पाहिजे. मामा तेव्हा या ग्रंथीचा नमुना साफ करत होते. फार सुरेख निघाला होता. फक्त धमनी मागे, खाचेत. बरणीची पुढचीच काच मोकळी होती, मागे काळी पाटी बसवलेली. समोरून दिसणार होता तो नुसता एक मांसल गोळा. दोन दिवस त्यांनी विचार केला. तिसऱ्या दिवशी ग्रंथीत शिरणाऱ्या बारीक शाखा त्यांनी एकेक करून छाटल्या, धमनी खाचेतून सोडवली, पुढे आणली आणि ग्रंथीच्या अंगावरून एका सुंदर वळणात दोन पांढऱ्या दोऱ्यांनी बांधून टाकली.

"इतकी छान दिसली, मास्तर. लालभडक. थोरले सर थबकले. पाठ थोपटली माझी. पुढे तिचा फोटो मुलांच्या पुस्तिकेत छापला. सत्तेचाळीस नंबरची बरणी म्हटलं की अजून मुलं ओळखतात."

"कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"एकदोघा प्राध्यापकांनी विचारलं. मी म्हटलं, या देहात तशीच होती. असतात कधी कधी वेगळ्या वाटा. त्यांनी मान हलवली." ते थांबले. "माझ्यावर विश्वास होता ना सगळ्यांचा."

बाहेर मामी भांडी लावत होत्या. मामांनी आवाज आणखी खाली आणला.

"तिने तीन दुपारी बसून त्या बरणीचं चित्र काढलं होतं. मीच स्टूल दिलं बसायला. लाल पेन्सिलीला टोक करून दिलं. आता ती मला टेबलावर झोपवणार, पुढे लाल शोधणार, जिवंत माणसात काही रंग भरलेला नसतो, निळीलाच लाल समजणार, आणि मागे..." त्यांनी पाकीट उलटं ठेवलं. "मला बेशुद्ध केलेलं असेल. सांगायला तोंड नसेल."

"मग आधी सांगा. उद्याच जाऊन सांगा."

"सांगेन. पण मग ती विचारेल, बाकीच्यांचं काय. दरवर्षी शंभर मुलं, मास्तर. सगळी काही चाकू धरत नाहीत. पण धरणाऱ्यांतल्या एखाद्याने कुठेतरी, माझ्या बरणीवर विसंबून..."

ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मला ते आजही पुरं करवत नाही. स्वतःच्या गळ्याची भीती तोवर मला कळत होती. ही दुसरी भीती कळली तेव्हा मी खाटेच्या कडेवर बसलो.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच दवाखान्यात गेले आणि टाके किती पडतील एवढं विचारून परत आले. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, या वेळी बाहेरच्या बाकावरूनच परतले. शस्त्रक्रियेला तीन दिवस उरले तेव्हा मी त्यांच्यासोबत निघालो. मामींना सांगितलं, जरा फिरून येतो. त्या म्हणाल्या, "दोघं म्हातारे मिळून माझ्यापासून काय लपवताय ते मला कळत नाही असं समजू नका. या जाऊन."

डॉक्टरीणबाई सडपातळ, केस मागे घट्ट बांधलेल्या, बोलणं भरभर. मामा आत येताच त्या उभ्या राहिल्या. "मामा, बसा. दाढी का वाढवलीय? मलाच काढावी लागणार ती."

मामा बसले नाहीत. शाळेत मुलं उभी राहतात तसे हात मागे बांधून उभे राहिले आणि भिंतीकडे बघत एका दमात सगळं बोलले. दोन पांढरे दोरेही सांगितले. मग म्हणाले, "ती मागे असते, ताई. पुढे नसते. मी आणली होती पुढे."

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचं पेन उचललं, परत ठेवलं.

"मला माहीत आहे, मामा."

"कधीपासून?"

"माझी पहिली केस. दहा वर्षं झाली. चाळिशीच्या बाई होत्या. माझे सर समोर उभे होते. मी पुढे गेले, समोर शीर दिसली, मला वाटलं हीच ती धमनी. ती बांधली, कापली, आणि निर्धास्तपणे ग्रंथी वर उचलली." त्यांनी हाताने उचलल्याची खूण केली आणि हात तिथेच थांबला. "मग खालून आलं. इतकं, की मला काही दिसेना. सरांनी मला कोपराने बाजूला ढकललं, बोट आत घालून मागे दाबून धरलं, आणि वीस मिनिटं तसंच धरून शोधलं. सापडलं."

"बाई?" मामांनी विचारलं.

"वाचल्या. नऊ दिवसांनी घरी गेल्या."

मामांनी खुर्चीची पाठ धरली.

"त्या संध्याकाळी मी तुम्हाला इतक्या शिव्या दिल्या, मामा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये येऊन बरणीजवळ उभी राहिले. भिंग लावून ते दोरे पाहिले. तुम्ही तिकडे कुणाला तरी रंग भरत होतात, मला बघून हसलात. म्हणालात, ताई, डॉक्टर झाल्यावर पण आठवण आहे होय आमची? मग मला विचारवलं नाही."

"विचारायला हवं होतंत."

"हो. हवं होतं. आणि तुम्ही सांगायला हवं होतंत."

मग मामांनी तो प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी ते दोनदा परतले होते. "बाकीचे, ताई? जे शिकून लांब गेले, त्यांच्या हातून?"

"ते मला माहीत नाही, मामा," त्या म्हणाल्या. खोटा दिलासा त्यांनी दिला नाही. "मला फक्त माझं माहीत आहे. तेव्हापासून मी कशालाही हात लावायच्या आधी मागे बोट घालते. त्या धमनीला माझ्याइतकं भिणारा माणूस या गावात नसेल. तुम्हाला हवा असेल तर दुसरा सर्जन सुचवते. पण निर्धास्त माणूस नका शोधू."

मामांनी मान हलवली. "तुम्हीच करा."

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी साडेआठला मामांना आत नेलं. नेण्याआधी मामा डाव्या हाताने उजव्या जबड्याची कड चाचपत होते. मामींनी तो हात काढून आपल्या हातात घेतला. "पुरे आता. असेल तिथेच असेल ती. पळून जाते की काय?" मग चाकांचा आवाज लांब गेला आणि दार मिटलं.

दीड तासाचं काम, असं सांगितलं होतं. दीड तास झाला. मामी पर्सचा बंद बोटांभोवती गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी मामांनी त्यांनाही सगळं सांगितलं होतं, त्यामुळे आता आम्ही दोघं एकाच गोष्टीची वाट बघत होतो आणि ती बोलत नव्हतो. दोन तास झाले. दार उघडलं, वॉर्डातल्या मावशी हातात चिठ्ठी घेऊन भरभर बाहेर आल्या.

मामी उठून उभ्या राहिल्या. "काय आहे?"

"काही नाही. रक्ताची पिशवी आणून ठेवायला सांगितलीय."

"ठेवायला, का चढवायला?"

"ते मला कुणी सांगत नाही हो," म्हणत मावशी जिना उतरून गेल्या.

मी जन्मात इतका वेळ कधी मोजला नसेल. जमिनीवर चौकोनी फरश्या होत्या, दारापासून जिन्यापर्यंत बावीस. मावशी पिशवी घेऊन परत आल्या, पिशवी कापडात गुंडाळलेली होती, तरी कडेने रंग दिसला. मला मामांची लाल नखं आठवली. मामींनी माझ्या बाहीला धरलं आणि धरूनच ठेवलं.

सव्वाअकराला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. टोपीची खूण कपाळावर उमटली होती.

"झालं. बरे आहेत," त्या म्हणाल्या आणि मग बाकावर बसल्या. "पिशवी लागली नाही. इतक्या वेळा पू झाल्यामुळे धमनी ग्रंथीला चिकटून बसली होती, वेगळी होईना. सोडवताना एक शाखा फाटली. पण बोट मागेच होतं." त्यांनी ते बोट उघडून पाहिलं. "शेवटी मुख्य धमनीच बांधली. खाली दोन गाठी, वर एक. चेहऱ्याला रक्त आतून आणि दुसऱ्या बाजूने येतं, त्याची काळजी नाही."

मामी म्हणाल्या, "तुम्ही सकाळपासून काही खाल्लं का?"

जखम भरायला महिना लागला. पाचव्या आठवड्यात मामा महाविद्यालयाच्या प्रमुखांना भेटले आणि हॉलमध्ये पुन्हा काम करायची परवानगी मागितली, एकाच नमुन्यासाठी. कारणही सांगितलं. प्रमुखांनी काय उत्तर दिलं ते त्यांनी मला सांगितलं नाही, पण परवानगी मिळाली. सत्तेचाळीस नंबरची बरणी त्यांनी उघडून पाहिली. दोरे सोडले तरी शाखा छाटलेल्या असल्याने धमनी परत खाचेत बसेना. मग त्यांनी चार महिने खपून नवा नमुना केला. त्याची बरणी कपाटात नाही, टेबलावर आहे, आणि तिला पुढे-मागे दोन्हीकडे मोकळी काच आहे. समोरून मांसल गोळा दिसतो, आणि लाल बघायची तर विद्यार्थ्याला उठून टेबलाला वळसा घालून मागे जावं लागतं. जुनी बरणी फेकायला ते तयार झाले नाहीत. ती शेजारीच ठेवायची होती, चिठ्ठी लावून. चिठ्ठीचा मजकूर माझ्याकडे मागायला आले. मी दोन शोभिवंत वाक्यं लिहून दिली. त्यांनी ती वाचली, खिशात घातली आणि चिठ्ठी स्वतःच लिहिली. मी जाऊन पाहिली आहे. मोठ्या सरळ अक्षरात आहे: "ही धमनी मी पुढे ओढून बांधली आहे. ती मागे असते. शेजारची बरणी बघा."

पुस्तिकेचं जुनं पान ज्यांच्याकडे असेल त्यांचे पत्ते मिळतील का, असं त्यांनी कार्यालयात विचारलं होतं. काही मिळाले. त्या पत्त्यांवर त्यांनी पत्रं पाठवली. सात उत्तरं आली. सगळ्यांनी आठवण काढली आणि तब्येत विचारली; बरणीबद्दल दोघांनी लिहिलं, आपल्याला ते पुढे कळलं होतं. बाकीची यायची आहेत, असं मामा म्हणतात.

मामा आता सदुसष्ट वर्षांचे आहेत. पाण्याचा तांब्या हाताशी घेऊन जेवतात, कारण उजवीकडे तोंड जरा कोरडं पडतं. दर मंगळवारी न्हाव्याकडे दाढी करतात. उजव्या जबड्याच्या कडेवर बोट ठेवलं तर काही लागत नाही, डावीकडे लागतं.